नहीं तो परभणी

आमच्या परभणीच्या नावानं दोन म्हणी चालतात. पहिली, 'जगात जर्मनी, देशात परभणी.' ही परभणीकरांनीच तयार केलेली असावी, कारण परभणीबाहेर ती फारशी कुणाला पटत नाही आणि जर्मनीत तर ती कुणाला ठाऊकही नसावी. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ही मात्र सगळ्यांना ठाऊक असते. बदली होऊन आमच्या शाखेत येणारा प्रत्येक साहेब ही म्हण रेल्वेतच पाठ करतो आणि पहिल्या दिवशी चहा पिताना आम्हालाच ऐकवतो. आम्हीही प्रथमच ऐकल्यासारखं हसतो. नोकरीत काही गोष्टी कराव्या लागतात.

या म्हणीचे दोन अर्थ निघतात. बाहेरचा माणूस म्हणतो, जमलं तर जमलं, नाहीतर भोगा परभणी. परभणीकर म्हणतो, कुठं नाहीच जमलं तरी घाबरू नका, परभणी आहे. शब्द तेच. फरक एवढाच की पहिला माणूस परतीच्या गाडीचं वेळापत्रक बघत बोलतो आणि दुसरा घरी जाऊन जेवणार असतो.

हे सगळं आठवायला कारण झालं शेजारचं पोरगं. नववीत आहे आणि शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे. परभणीत बेसबॉल म्हणून दचकू नका. शालेय स्पर्धांच्या यादीत असे पुष्कळ खेळ असतात. खेळाचं साहित्य यायच्या आधी संघ तयार होतो आणि नियम कळायच्या आधी प्रमाणपत्र मिळतं. पण हा पोरगा मनापासून खेळतो. त्याच्या बापानं एका रविवारी मला गाठलं आणि विचारलं, "साहेब, ह्या पिचरगिरीत पुढं काही करिअर आहे का?"

मी बँकेत असल्यामुळे ज्याला ज्याला पुढं काही होणार आहे, त्याची आगाऊ खबर मला असते, असा आमच्या गल्लीचा समज आहे. सोयाबीन विकावं की ठेवावं, सोनं आत्ता घ्यावं की दिवाळीला, पोरीला डी.एड.ला घालावं की नर्सिंगला, हे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. मी स्वतः वीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो आहे तीच माझी करिअर, हे त्यांना दिसत नाही असं नाही. पण डॉक्टरला खोकला झाला म्हणून आपण त्याच्याकडे जायचं सोडतो का?

पिचर म्हणजे काय ते आधी सांगतो. बेसबॉलच्या मैदानात मधोमध एक छोटा उंचवटा असतो. त्यावर उभा राहून, साडेसाठ फुटांवर दांडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे जो चेंडू फेकतो तो पिचर. गंमत अशी की क्रिकेटमध्ये चेंडू 'पिच' होतो, म्हणजे टप्पा घेतो. या पिचरचा चेंडू टप्पाच घेत नाही. आमच्याकडे कोपर वाकवून चेंडू फेकला तर पंच हात आडवा करतो, तिकडे त्याच गोष्टीचा पगार मिळतो. अमेरिकेत मोठ्या संघांच्या हाताखाली छोटे संघ असतात आणि त्या सगळ्या व्यवस्थेला तिकडे 'फार्म' म्हणतात. फार्म म्हणजे शेत. पोरं तिथं पेरायची, उगवतील तेवढी वर न्यायची. बाकीची तिथंच. कित्येक पिचर आयुष्यभर त्या शेतातच चेंडू टाकत राहतात. कृषी विद्यापीठाच्या गावात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पेरलेलं सगळंच बाजारात जात नाही.

आपल्याकडे पिचरचा सख्खा भाऊ म्हणजे गोलंदाज. हा शब्द मुळात तोफखान्यातला. तोफ डागणारा तो गोलंदाज. तोफा गेल्या आणि शब्द बेकार झाला, तेव्हा मराठीनं त्याला क्रिकेटमध्ये चिकटवून घेतलं. हीसुद्धा एक बदलीच. तर त्या बापाला मी करिअर म्हणून एका गोलंदाजाची गोष्ट सांगितली. पद्माकर शिवलकरांची. त्याला ती आवडली नाही. तो म्हणाला, "म्हणजे शेवटी झालंच नाही की." मी म्हणालो, "तेच तर सांगतोय." पण तेवढ्यात त्याला दळण आठवलं. म्हणून उरलेली गोष्ट तुम्हाला सांगतो. तुम्ही पुस्तक हातात घेऊन बसला आहात, तुम्हाला उठता येणार नाही.

शिवलकर मुंबईचे. डावखुरे फिरकी गोलंदाज, मित्रांचे पॅडी. पहिला प्रथम श्रेणीचा सामना 1961-62 च्या हंगामात आणि शेवटचा 1987-88 मध्ये. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, वय पन्नाशीकडे झुकलं होतं, तरी मुंबईला फिरकी गोलंदाजाची गरज पडली तेव्हा पुन्हा उतरले. आमच्याकडे निवृत्त झालेल्या माणसाला पेन्शनच्या कागदावर सही करायलासुद्धा तीनदा बोलवावं लागतं. एकूण 124 सामने आणि 589 बळी. एकट्या रणजीत 361. आणि भारताकडून कसोटी सामने किती? शून्य. एकसुद्धा नाही.

आमच्या कॉमर्सच्या भाषेत गोलंदाजाची सरासरी म्हणजे कॉस्टिंग. एक बळी काढायला किती धावा खर्ची पडल्या, एवढाच हिशोब. शिवलकरांचा खर्च दर बळीमागे 19.69. त्याच काळात भारताचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता बिशनसिंग बेदी. त्याचे प्रथम श्रेणीतले बळी 1560 आणि सरासरी 21.69. म्हणजे बेदीचा बळी बरोबर 2 धावांनी महाग. पण हिशोब हिशोबासारखा करायचा तर हेही लिहिलं पाहिजे की बेदीनं जगभरच्या फलंदाजांना चेंडू टाकले आणि शिवलकरांनी बहुतेक देशातल्या देशात. करंट खातं आणि सेव्हिंग्ज खातं एका रकान्यात ओढू नये. शिवाय बेदी इतका चांगला होता की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. जागा अडवणारा माणूस निदान नालायक तरी असावा. रात्री झोप बरी लागते.

आमच्या एस.टी. स्टँडवर गंगाखेडच्या गाडीची वाट बघणारी माणसं बघितली की मला शिवलकर आठवतात. ते आले तेव्हा मुंबईच्याच संघात बापू नाडकर्णी होते. तेही डावखुरे, तेही फिरकीचे. 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ओळीनं 21 षटकं निर्धाव टाकणारे. ही गाडी भरलेली. नाडकर्णींची शेवटची कसोटी 1968 ची, पण त्याच्या आधीच, 1966 संपता संपता बेदी आला होता. दुसरी गाडी भरलेली, आणि ती तेरा वर्षं स्टँडवरून हललीच नाही. बेदी 67 कसोट्या खेळून 1979 मध्ये उतरला, तेव्हा शिवलकरांची चाळिशी आली होती. त्या वर्षी जागा मिळाली दिलीप दोशीला. त्यालाही तोवर एकतीस वर्षांपर्यंत थांबावं लागलं होतं. पुढे त्यानं 33 कसोट्यांत 114 बळी घेतले. म्हणजे तोही काही वशिल्यानं चढलेला नव्हता. सगळा दोष काय तर एका देशात एकाच वेळी इतके डावखुरे जन्माला आले.

बँकेत 'सस्पेन्स अकाउंट' नावाचा एक प्रकार असतो. एखादी रक्कम येते, खरी असते, बिनचूक असते, पण ती कोणत्या खात्यात जमा करावी ते कळत नाही. मग ती सस्पेन्सला टाकायची. उद्या बघू. उद्याचा परवा होतो, साहेबाची बदली होते, नवा साहेब म्हणतो हे माझ्या काळातलं नाही. शिवलकर हे भारतीय क्रिकेटच्या सस्पेन्स अकाउंटला पडलेली मोठी रक्कम होते. रक्कम खरी, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

ती किती खरी होती ते मद्रासच्या चेपॉक मैदानावर दिसलं. 1972-73 च्या रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. मुंबई त्याआधी ओळीनं चौदा वर्षं करंडक घेऊन जात होती, म्हणजे बाकीच्या राज्यांनी पिढी बदलली तरी करंडक पाहिला नव्हता. तामिळनाडूकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार असे दोन नामांकित फिरकी गोलंदाज. खेळपट्टीवर चेंडू असा वळत होता की फलंदाजांनी घरी पत्रं लिहून ठेवावीत. मुंबईच्या दोन डावांत धावा झाल्या 151 आणि 113. एवढ्या धावांत एरवी सामना हरायला पुरेसा वाव असतो. पण तामिळनाडूचे डाव आटोपले 80 आणि 61 वर. शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 गडी बाद केले. 34 धावांत 13. म्हणजे पाहुण्यांसाठी यजमानांनी खड्डा खणला आणि पाहुणे त्यात बसून जेवून गेले. मुंबई ओळीनं पंधराव्यांदा जिंकली. शिवलकर मुंबईला परत आले आणि पुढच्या सामन्याच्या सरावाला लागले.

असे शिवलकर एकटेच नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल होते, तेही डावखुरे. रणजीत 637 बळी, एकूण 750, आणि कसोट्या शून्य. 1974 साली वेस्ट इंडिजविरुद्ध बंगलोरच्या कसोटीतून बेदीला शिस्तीच्या कारणावरून वगळलं आणि संघात गोयलांचं नाव आलं. नाव संघात आलं, पण अकरात आलं नाही. अधिकाऱ्याच्या पदोन्नतीच्या यादीत आपलं नाव लागावं आणि खाली 'प्रतीक्षा' असं छापलेलं असावं, तसं. गोयल कपडे घडी करून परत गेले आणि बळी घेत राहिले.

आणि या सगळ्यांच्या आधीचे पळवणकर बाळू. ते 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि 114 बळी घेऊन आले. तेही डावखुरेच. पण बाळूंची गोष्ट मी या रांगेत बसवणार नाही. शिवलकरांच्या आडवा बेदी आला, म्हणजे एक मोठा गोलंदाज आला. बाळूंच्या आडवी जात आली. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या चेंडूवर बळी मिळालेले चालत होते, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळायचा. अमेरिकेतल्या सॅचेल पेज नावाच्या काळ्या पिचरची गतही अशीच. मोठ्या साखळीचं दार त्याला उघडलं 1948 साली, वयाच्या 42 व्या वर्षी. आणि 1965 मध्ये, 59 वर्षांचा असताना, त्यानं पुन्हा उभं राहून तीन डाव चेंडू टाकले आणि समोरच्यांना एक धाव घेऊ दिली नाही. याला नशीब म्हणणं म्हणजे दार कुणी लावलं होतं ते न सांगणं. नशिबाच्या खात्यावर आपण पुष्कळ दुसऱ्यांची बिलं टाकतो.

आता आमच्या मामांबद्दल. आमच्या शाखेतले दफ्तरी. सगळे त्यांना मामा म्हणतात, साहेबसुद्धा. मामा डावखुरे फिरकी गोलंदाज. मी त्यांना बँकांच्या आपापसातल्या सामन्यात बघितलं आहे. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात एकेका बुटाला दोन दोन किलो चिकटते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चेंडू भेगेत पडला तर क्षेत्ररक्षकानं कोपरापर्यंत हात घालावा. अशा जमिनीवर चेंडू वळवायला कौशल्य लागत नाही, सरळ टाकायला लागतं, असं मामा म्हणतात. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळले. एकदा निवड चाचणीला बोलावणं आलं. रात्रभर पॅसेंजरनं प्रवास, सकाळी मैदानावर, दुपारी तीन वाजता पाळी. मामांनी बारा चेंडू टाकले. मग कुणीतरी म्हणालं, "बस." मामांना वाटलं, बसायला सांगितलं. ते बसले. संध्याकाळी माळी नळी घेऊन पाणी मारायला आला, तेव्हा त्यांना खरा अर्थ कळला.

3 मार्च 2025 ला शिवलकर गेले. वयाच्या 84 व्या वर्षी, मुंबईत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर बंद होता, काऊंटरवर पीककर्जाची गर्दी होती, आणि मामा पेपर घेऊन माझ्याकडे आले.

"सायेब, शिवलकर गेले."

"हो, वाचलं."

"एवढाले बळी घेतले. टेस्टमधी कामून घेतलं नाही हो त्यांला?"

"बेदी होता ना मामा."

मामांनी पेपरची नीट घडी केली. "मंग त्यांचं बरं होतं म्हणा. समोर बेदी तरी होता. आमच्या टायमाला जिल्ह्यात डावखुरा मी एकटाच होतो. तरीबी घेतलं नाही."

यावर हसावं की काय करावं ते मला कळेना, म्हणून मी विचारलं, "मग मामा, खेळणं सोडलं कसं नाही?"

"सोडून काय करावं? यादी त्यांची. हात तर आपलाच ऱ्हातो की." आणि ते टोकन नंबर ओरडायला निघून गेले, कारण तेवढ्यात सर्व्हर आला होता.

मी पंचविसेक वर्षं आकडे लिहितो आहे, पण करिअरची इतकी स्वच्छ फाळणी मला कुणी करून दिली नव्हती. एक भाग यादीचा. तो दुसऱ्याच्या टेबलावर तयार होतो, त्यावर दुसऱ्याची सही असते आणि आपण त्यासाठी झुरतो. दुसरा भाग हाताचा. तो रोज सकाळी आपल्याबरोबर उठतो. शिवलकरांनी साडेअकरा हजारांवर धावा देऊन 589 माणसं परत पाठवली. त्यातल्या एकानंही तंबूत जाऊन सांगितलं नसेल, की मला बाद करणारा गोलंदाज कसोटी खेळलेला नाही, सबब मी नाबाद आहे.

झुरणं काही खोटं नसतं. शिवलकर गायचेही आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'हा चेंडू दैवगतीचा'. ज्याला काहीच वाटलं नाही तो पुस्तकाला असं नाव देत नाही. सुनील गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर 'आयडॉल्स' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात जगभरचे कसोटीवीर आहेत आणि त्यांच्याच पंगतीला शिवलकर आणि गोयल आहेत. भारताचा कर्णधार असताना या दोघांना संघात घ्यायला आपण निवड समितीला पटवू शकलो नाही, ही खंत गावसकरांनी शिवलकर गेल्यावर बोलून दाखवली. 2017 साली क्रिकेट मंडळानं दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. सस्पेन्समधली नोंद अखेर निघाली. व्याज मिळालं नाही, पण ते सस्पेन्सवर कुणालाच मिळत नाही. शिवलकर त्याआधी आणि त्यानंतरही शिवाजी पार्कवर पोरांना शिकवत होते. ज्या दारातून आपल्याला आत घेतलं नाही, त्या दारापर्यंत दुसऱ्यांना बोट धरून नेणं हे मुळीच सोपं नाही. आमच्याकडे तर पदोन्नती हुकलेला माणूस नव्या पोराला स्टेपलर कुठं ठेवलाय तेही सांगत नाही.

'बनी तो बनी' हा त्या म्हणीतला अर्धा भाग अकरा जणांसाठी आहे. बाकीचा सगळा देश उरलेल्या अर्ध्या भागात राहतो, तिथंच चेंडू टाकतो, तिथंच पासबुकं भरतो आणि तिथंच पोरांना शिकवतो. त्या भागाला नावं ठेवणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की रणजी नसती तर कसोटी खेळायला अकरा जण आणले असते कुठून? जर्मनीहून?